पक्ष, मतं आणि सीटा: निवडणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागला की पुढचे दोन महिने तेच तेच प्रश्न येत राहतात, त्यामुळे सगळे एकत्र करून ठेवलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे जरा किचकट होत जातात. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्राची, एक-दोन गोव्याची. कुठला पक्ष चांगला ते इथे मिळणार नाही, पक्ष जिंकतो कसा तेवढंच बघायचंय. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो कारण अर्धे प्रश्न तिथेच येऊन अडतात, मतं मिळवणं हे एक काम आहे आणि त्या मतांच्या सीटा करणं हे दुसरं काम आहे, आणि दुसरं काम जास्त अवघड आहे.

१. पक्षपद्धती पक्षपद्धती म्हणतात ती नेमकी काय असते?

किती पक्ष खरोखर सत्तेच्या शर्यतीत आहेत आणि त्यांचं एकमेकांशी कसं जमतं, यावरून ती ठरते. नोंदणी किती पक्षांची आहे याला काही अर्थ नाही, देशात नोंदणीकृत पक्ष हजारोंनी आहेत, त्यातले बरेचसे निवडणूकसुद्धा लढवत नाहीत. महाराष्ट्रात १९६० नंतर बरीच वर्षं एकच पक्ष सत्तेत होता, काँग्रेस. विरोधी पक्ष होते, शेकाप होता, रिपब्लिकन होते, समाजवादी होते, पण खरी स्पर्धा काँग्रेसच्या आतच चालायची, साखर कारखाना कोणाकडे, जिल्हा बँक कोणाकडे, दूध संघ कोणाकडे यावरून दोन गट भांडायचे आणि दोन्ही गट काँग्रेसचेच. १९७८ ला पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं तेव्हा त्याला पहिला मोठा तडा गेला. १९९५ ला शिवसेना-भाजप युती सत्तेत आली आणि तिथून पुढे कोणालाही एकट्याने बहुमत मिळालेलं नाही. म्हणजे आज आपल्याकडे पक्ष बरेच आहेत पण लढाई दोन आघाड्यांची आहे.

२. अमेरिकेत दोनच पक्ष आहेत, मग आपल्याकडे इतके का?

फ्रान्सचे अभ्यासक मोरिस द्यूव्हर्जे यांनी १९५० च्या दशकात मांडलेला एक नियम आहे, जिथे एका मतदारसंघातून एकच माणूस निवडून येतो आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं तोच विजयी असतो, तिथे हळूहळू दोनच मोठे पक्ष उरतात, कारण तिसऱ्याला मत देणं लोकांना वाया घालवल्यासारखं वाटायला लागतं. आपली पद्धत अगदी तीच आहे तरी पक्ष जास्त, कारण हा नियम खरा लागू होतो तो मतदारसंघाच्या पातळीवर. सोलापुरात लढत कोणा दोघांत आहे आणि सिंधुदुर्गात कोणा दोघांत आहे हे वेगवेगळं असू शकतं, सगळी बेरीज केली की राज्यात सहा पक्ष दिसतात पण तुमच्या गावात बहुतेक वेळा खरी लढत दोघांचीच असते.

राज्य लहान असलं आणि प्रश्न एकच मोठा असला की दोन पक्ष अगदी स्वच्छ दिसतात. १९६३ ला गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली, प्रश्न एकच होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) विलीनीकरणाच्या बाजूचा आणि युनायटेड गोअन्स विरोधात, या दोघांनी जवळपास सगळ्या जागा वाटून घेतल्या आणि गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही मिळाली नाही. १९६७ च्या जनमत कौलात वेगळं राहायचं ठरलं, तो प्रश्न संपला, आणि पुढे काही वर्षांत ही दोन पक्षांची रचनाही विस्कटली.

३. आमच्या आमदाराला तीसच टक्के मतं आहेत, सत्तर टक्के लोकांना तो नको होता, मग तो निवडून आलाच कसा?

कारण पन्नास टक्के लागतात असा नियमच नाही. उभे असलेल्यांत सगळ्यात जास्त मतं ज्याची, तो आमदार, मग ती साठ टक्के असोत नाहीतर तेवीस. छत्रपती संभाजीनगरचा (तेव्हाचा औरंगाबादचा) २०१९ चा लोकसभा निकाल बघा, एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले, दोन नंबरला शिवसेनेचे चंद्रकांत खैरे आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी दोन लाख ऐंशी हजारांहून जास्त मतं घेतली. असा तिरंगी सामना झाला की तीस-बत्तीस टक्केवाला निवडून येतो. ४८ मतांचा विजयही तितकाच पूर्ण असतो, २०२४ ला मुंबई वायव्यमधून रवींद्र वायकर तेवढ्याच फरकाने खासदार झाले.

४. एका पक्षाला मतं जास्त आणि सीटा कमी, दुसऱ्याला मतं कमी आणि सीटा चौपट, हे कसं काय? काहीतरी गडबड आहे ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. २०२४ च्या विधानसभेत शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११ टक्क्यांहून थोडी जास्त मतं आणि सीटा १०, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९ टक्के मतं आणि सीटा ४१. पहिल्यांदा बघितलं की डोकं गरगरतं.

आता जरा कागद घेऊन बसा. शरद पवारांच्या पक्षाने ८६ जागा लढवल्या आणि मतं मिळाली साधारण ७३ लाख. अजित पवारांच्या पक्षाने ५९ लढवल्या आणि मतं साधारण ५८ लाख. भागाकार केला तर पहिल्याला एका जागेवर सरासरी ८५ हजारांच्या आसपास आणि दुसऱ्याला ९८-९९ हजारांच्या आसपास. म्हणजे जिथे जिथे उभे होते तिथे दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला सरासरी तेरा-चौदा हजार मतं जास्त पडली, आणि विधानसभेला निकाल फिरवायला तेवढी मतं खूप झाली. पहिला पक्ष जास्त ठिकाणी उभा होता, बऱ्याच ठिकाणी चांगली मतं घेऊन दोन नंबरला राहिला, आणि दोन नंबरच्या मतांना आपल्या पद्धतीत शून्य किंमत आहे. सत्तर हजार घेऊन पडलात काय आणि सात हजार घेऊन पडलात काय, विधानसभेत जागा दोघांनाही नाही.

भाजपचे आकडे शेजारी ठेवले की हेच आणखी स्पष्ट दिसतं. २०१४ ला एकटे लढले, मतं जवळपास २८ टक्के, सीटा १२२. २०१९ ला युतीत, मतं पावणेसव्वीसच्या आसपास, सीटा १०५. २०२४ ला मतं पावणेसत्तावीसच्या आसपास, म्हणजे २०१४ पेक्षा कमीच, आणि सीटा १३२! कारण २०२४ ला १४९ जागाच लढवल्या आणि त्या जागांवर मित्रपक्षांची मतं पाठीशी होती. टक्केवारी पूर्ण राज्याची काढतात, त्यामुळे कमी जागा लढवणाऱ्याची टक्केवारी कायम कमी दिसते. म्हणून दोन पक्षांची नुसती टक्केवारी शेजारी ठेवून काही ठरवू नका, आधी किती जागा लढवल्या ते विचारा. (मशीनबद्दलची शंका असेल तर प्रश्न १३ बघा.)

५. लोकसभेला आघाडी पुढे आणि सहाच महिन्यांत विधानसभेला एकदम सुपडा साफ, लोक इतके बदलले का?

लोक थोडे बदलले आणि सीटा प्रचंड बदलल्या, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जून २०२४ ला महाविकास आघाडीला (काँग्रेस, ठाकरेंची शिवसेना आणि शरद पवारांची राष्ट्रवादी) ४८ पैकी ३० आणि महायुतीला १७ (एक अपक्ष, त्याची गोष्ट प्रश्न ७ मध्ये), पण दोन्हीकडच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. सीटांवरून वाटत होतं एकतर्फी, प्रत्यक्षात मतं बरोबरीची होती. ज्यांनी हे तेव्हाच पाहिलं त्यांनी पुढच्या सहा महिन्यांत कामाला हात घातला, आणि ज्यांनी फक्त ३०-१७ पाहिलं ते मुख्यमंत्री कोण होणार यावर बोलत बसले, हे माझं स्पष्ट मत आहे.

नोव्हेंबरला काय बदललं? लोकसभेला नाशिक-दिंडोरी पट्ट्यात कांद्याची निर्यातबंदी लोकांच्या डोक्यात होती, डिसेंबर २०२३ ला घातलेली बंदी मे २०२४ मध्ये ऐन निवडणुकीत उठवली पण तोवर शेतकऱ्याचं नुकसान होऊन गेलेलं, विधानसभेपर्यंत तो राग थोडा निवळला. मराठवाड्यात मराठा आरक्षणाचा मुद्दा इतका तापलेला होता की जालन्यात भाजपचे रावसाहेब दानवे पडले आणि बीडला भाजपच्याच पंकजा मुंडे साडेसहा हजारांनी पडल्या, विधानसभेपर्यंत समोरून ओबीसी मतंही एकवटली. आणि मधल्या काळात लाडकी बहीण आली, जूनअखेर जाहीर आणि ऑगस्टपासून खात्यात महिन्याला १५०० रुपये. मतदान २०१९ च्या ६१ टक्क्यांवरून ६६ वर गेलं. शेवटी भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी या तिघांची बेरीज ४८ टक्क्यांच्या वर आणि समोरच्या तिघांची ३४ च्या आत. एवढा चौदा टक्क्यांचा फरक पडला की आपल्या पद्धतीत २३० सीटा होतात, त्यात चमत्कार काही नाही.

एकट्या लाडक्या बहिणीने निवडणूक जिंकली असं म्हणणारे पण खूप आहेत, मला ते पटत नाही. पैसे खात्यात आले हे खरं, पण ते कोणी दिले हे घराघरात जाऊन सांगणारी माणसं लागतात, फॉर्म भरून देणारा कार्यकर्ता लागतो, आणि ती यंत्रणा गावोगाव होती म्हणून योजना मतांपर्यंत पोचली.

६. आघाडीत "मतं ट्रान्सफर झाली नाहीत" म्हणतात, म्हणजे काय?

समजा जागा काँग्रेसला सुटली, तर ठाकरेंच्या शिवसेनेचा मतदार हाताच्या पंजाला मत देतो का? दिलं तर ट्रान्सफर झालं, घरी बसला किंवा दुसरीकडे गेला तर नाही झालं. वर्षानुवर्षं ज्याच्या विरोधात घोषणा दिल्या त्याच्याच चिन्हासमोरचं बटण दाबायचं, हे कार्यकर्त्याला सोपं जात नाही, विशेषतः दोघांची भांडणं ग्रामपंचायतीपासूनची असली तर.

आघाडी न केल्याची किंमत १९९९ मध्ये दिसते. जूनमध्ये राष्ट्रवादी स्थापन झाली आणि काँग्रेस-राष्ट्रवादी वेगवेगळे लढले, २७ आणि साडेबावीस मिळून पन्नासाच्या घरात मतं, सीटा ७५ आणि ५८, म्हणजे १३३. समोर युतीला दोघांची मिळून ३२ टक्क्यांच्या आसपास मतं आणि सीटा १२५! बत्तीस टक्के एकत्र राहिले तर पन्नास टक्के फुटलेल्यांच्या जवळपास जातात. निकालानंतर ते दोघे एकत्र येऊन विलासराव देशमुखांचं सरकार झालं, आणि २००४ ला मात्र आधीच आघाडी करून लढले.

७. तिकीट कापलं म्हणून बंडखोरी करणारे खरंच काही करू शकतात का?

बहुतेक जण पडतात, पण पडताना कोणाला तरी पाडतात. पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे एबी फॉर्मवर ठरतं, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे, त्यामुळे त्या दिवशी तहसील कचेरीच्या बाहेर जे दृश्य असतं ते एकदा तरी जाऊन बघा. दोघं इच्छुक अर्ज भरून उभे, दोघांचे कार्यकर्ते गुलाल घेऊन तयार, मुंबईहून फॉर्म निघालाय म्हणतात पण कोणाच्या नावाचा ते कोणालाच माहीत नाही, अडीच वाजता एक गाडी येते, आणि मग एका बाजूला जल्लोष आणि दुसऱ्या बाजूला तिथल्या तिथे अपक्ष लढायची घोषणा.

निवडून आलेला बंडखोर म्हणजे २०२४ ची सांगली. जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, काँग्रेसचे विशाल पाटील, म्हणजे वसंतदादांचे नातू, अपक्ष उभे राहिले आणि सुमारे एक लाखाच्या फरकाने जिंकले, आघाडीचा अधिकृत उमेदवार तीन नंबरला. तिथे काँग्रेसची अख्खी संघटना आतून त्यांच्याबरोबर होती. तशी संघटना पाठीशी नसेल तर "सांगली पॅटर्न" चालत नाही. १९९५ ला तर ४५ अपक्ष आमदार झाले होते आणि युतीचं सरकार त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पाठिंब्यावर उभं होतं.

८. छोट्या पक्षांना "बी टीम" म्हणतात, त्यांच्यामुळे मतविभागणी होते हे खरं आहे का?

बी टीम म्हणजे दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या फायद्यासाठी लढणारा पक्ष, असा तो आरोप असतो. आकडे बघून तसं वाटतं खरं. २०१९ ला सोलापुरात सुशीलकुमार शिंदे १ लाख ५८ हजारांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांनी तिथे १ लाख ७० हजार मतं घेतली. नांदेडला अशोक चव्हाण ४० हजारांनी पडले, वंचितच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजार. पण यातून "वंचित नसती तर काँग्रेस जिंकली असती" हे सिद्ध होत नाही, कारण वंचितची सगळी मतं आपोआप काँग्रेसकडेच गेली असती हे गृहीत धरावं लागतं. त्यातले काही जण घरी बसले असते, काही जण भाजपला गेले असते. मतदार कोणाची मालमत्ता नाही आणि ज्यांना वर्षानुवर्षं उमेदवारीत वाटा मिळाला नाही त्यांनी स्वतःचा पक्ष काढला तर त्यांना गद्दार ठरवणं मला अजिबात मान्य नाही. तक्रार असेल तर आधी प्रामाणिकपणे जागावाटपाला बसायचं.

गोव्यात २०२२ ला भाजपला ३३ टक्के मतांवर ४० पैकी २० जागा आल्या, कारण विरोधातली मतं काँग्रेस, आप, तृणमूल-मगो, आरजी (रिव्होल्युशनरी गोअन्स) अशी चार ठिकाणी गेली. तिथेही हाच वाद अजून चालू आहे.

९. चिन्ह एवढं महत्त्वाचं का असतं? लोक उमेदवार बघून मत देतात ना?

काही देतात, पण बरेच जण चिन्ह शोधतात. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह नवीन होतं, तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मशीनवर काही अपक्षांना नुसत्या तुतारीचं चिन्ह मिळालं, पुढे लोक त्याला पिपाणी म्हणायला लागले. दिंडोरीत पक्षाचे भास्कर भगरे निवडून आले पण तुतारी चिन्हाच्या एका अपक्षाला, आडनाव तेही भगरेच, एक लाखाहून जास्त मतं पडली. साताऱ्यात भाजपचे उदयनराजे सुमारे ३३ हजारांनी जिंकले आणि तुतारीवाल्या अपक्षाला ३७ हजार. म्हणून नवीन चिन्ह मिळालेला पक्ष पहिला महिना फक्त चिन्ह पोचवण्यात घालवतो. मशीनवर उमेदवाराचा फोटोही असतो, पण ज्येष्ठ मतदार त्याच्यापेक्षा चिन्हावर जास्त विसंबतात.

१०. पक्ष फुटला तर मूळ पक्ष कोणाचा? आणि फुटलेले अपात्र का होत नाहीत?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठरतात, इथेच सगळे गोंधळतात.

नाव आणि चिन्ह कोणाचं हे निवडणूक आयोग ठरवतो, १९६८ च्या चिन्ह आदेशाखाली. शिवसेनेचा धनुष्यबाण १७ फेब्रुवारी २०२३ ला शिंदेंना मिळाला, राष्ट्रवादीचं घड्याळ ६ फेब्रुवारी २०२४ ला अजित पवारांना, दोन्हीकडे आयोगाने मुख्यतः आमदार-खासदार कोणाकडे जास्त हे पाहिलं. आमदार अपात्र की पात्र हे विधानसभा अध्यक्ष ठरवतात, दहाव्या परिशिष्टाखाली. हा पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ते बंद झालं आणि आता फक्त दोन तृतीयांश आमदारांच्या पाठिंब्याने दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची सवलत उरलीय. गोव्यात सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसचे ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले ते याच वाटेने. महाराष्ट्रातल्या दोन्ही फुटींत मात्र विलीनीकरण झालंच नाही, दोन्ही गटांनी "आम्हीच मूळ पक्ष" अशी भूमिका घेतली, म्हणून ती प्रकरणं इतकी लांबली.

मतदार म्हणून माझा जीव यात अडकतो. मी एका चिन्हाला मत दिलं, माझा आमदार वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्या आघाडीत, आणि पाच वर्षं मला विचारणारं कोणी नाही. निर्णय लागायला कायद्यात ठरलेली मुदत नाही, ती असायलाच हवी.

११. सभेला तुफान गर्दी होते पण सीट येत नाही, असं का?

सभेला पाच तालुक्यांतून माणसं येतात, मत मात्र ज्याने त्याने आपापल्या गावात द्यायचं असतं. मनसेचं उदाहरण सगळे देतात, २००९ ला १३ आमदार, पुढे २०१४ आणि २०१९ ला एकेक, २०२४ ला शून्य, आणि राज ठाकरेंच्या सभेची गर्दी या सगळ्या काळात कायम होती. भाषण ऐकायला येणारा दुसऱ्या दिवशी मतदान केंद्रावर जाईलच असं नसतं, आणि गेला तरी "हे निवडून येतील का" हा विचार करून बटण दाबतो (प्रश्न २ मधलं वाया जाणारं मत ते हेच). आणि पाठिंबा सगळीकडे पातळ पसरलेला असला तर जास्तच पंचाईत, तीन जिल्ह्यांत घट्ट असलेला पक्ष राज्यभर पसरलेल्यापेक्षा जास्त सीटा काढतो.

१२. बूथ बूथ म्हणतात, तिथे नेमकं काय करतात?

मी पोलिंग एजंट म्हणून बसलेलो आहे त्यामुळे याचं उत्तर जरा लांबतं. राज्यात एक लाखाहून थोडी जास्त मतदान केंद्रं होती २०२४ ला, एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार. चांगल्या पक्षाकडे त्या यादीच्या एकेका पानाचा माणूस ठरलेला असतो. त्याला माहीत असतं की यादीतलं हे कुटुंब पुण्याला राहायला गेलं, ही मुलगी लग्न होऊन गेली, हे आजोबा मागच्या वर्षी वारले, या घरात चार मतं आहेत पण धाकटा आपला नाही.

मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला मॉक पोल (चाचणी मतदान) होतो, एजंटांच्या समोर निदान पन्नास मतं टाकून मोजतात, मग ती पुसून मशीन सील. सातला मतदान सुरू. आतला एजंट यादीवर टिक करत राहतो. दुपारी एक वाजता बाहेरचे कार्यकर्ते आपल्या माणसांची बेरीज मारतात, अमुक गल्लीतली चाळीस नावं अजून आली नाहीत, मग रिक्षा जाते, फोन जातात, कोणाची म्हातारी आई असते तिला धरून आणतात. संध्याकाळी पाच ते सहाच्या मधे जो पक्ष दमला त्याने पंधरा-वीस मतं त्या एका बूथवर सोडली. एका विधानसभा मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास बूथ धरा आणि गुणाकार करा, पाच-सात हजार मतं होतात. बंद झाल्यावर एजंटने फॉर्म १७सी ची सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही, किती मतदान झालं ते त्यावर असतं.

१३. मग ईव्हीएमचं काय?

तपासायला काय काय उपलब्ध आहे तेवढं सांगतो. वरच्या उत्तरातला १७सी मोजणीच्या वेळी मशीनच्या आकड्याशी ताडून बघता येतो. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं सोडतीने निवडून त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेलं ते छापणारं यंत्र) चिठ्ठ्या मोजतात. एप्रिल २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार दोन आणि तीन नंबरचा उमेदवार पैसे भरून ५ टक्के मशीन तपासून मागू शकतो. मतदार यादीत नावं वाढल्याचा आरोप विरोधकांनी केला, आयोगाने तो फेटाळला. यादीबद्दल तुमची शंका असेल तर निवडणुकीच्या आधी यादी बघा, चुकीच्या नावावर फॉर्म ७ ने हरकत घेता येते. हे काम करणारे कार्यकर्ते फार कमी पक्षांकडे उरलेत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१४. पैसा असला की जिंकतोच का?

नाही, पण पैशाशिवाय लढणं फार अवघड झालंय. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख, पण पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही, आणि तिथेच सगळं निसटतं. निवडणूक रोखे (पक्षांना नाव उघड न करता देणगी द्यायची सोय) सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले. दोन्हीकडे पैसेवाले असले की पैसा एकमेकांना कापतो आणि मग पुन्हा प्रश्न १२ वर यावं लागतं.

१५. नोटाला ("यापैकी कोणीही नाही") सगळ्यात जास्त मतं पडली तर?

विधानसभा-लोकसभेला काही होत नाही, नोटानंतर ज्याला जास्त मतं तो विजयी. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दोन नंबरला होता, २७ हजारांहून जास्त. स्थानिक स्वराज्य संस्थांना मात्र वेगळं आहे, महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं की नोटा एक नंबरला आला तर फेरनिवडणूक.

१६. महापालिकेला चार-चार मतं का द्यावी लागतात?

मुंबई सोडून इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, साधारण चार जागा, अ ब क ड, प्रत्येक जागेसाठी वेगळं मत. चारही एकाच पक्षाला द्यायची सक्ती नाही. पण याचा फायदा मोठ्या पक्षाला होतो, कारण प्रभाग मोठा झाला की एकट्या अपक्षाला, गल्लीत काम करणाऱ्या माणसाला, चाळीस-पन्नास हजार लोकांपर्यंत पोचणं झेपत नाही आणि पॅनलचं चिन्ह चालतं. मुंबईत २२७ वॉर्ड आणि एका वॉर्डात एकच नगरसेवक. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं, त्यामुळे निकालानंतर सगळेच पक्ष "आमचे इतके सरपंच" म्हणतात, ते आकडे फार मनावर घेऊ नका.

१७. मतांच्या प्रमाणात सीटा देणारी पद्धत आपल्याकडे अजिबात नाही का?

आहे, पण आमदार मतदान करतात तिथे. राज्यसभा आणि विधान परिषदेला पसंतीक्रमाने मत देतात आणि ठरलेल्या कोट्यापेक्षा (निवडून यायला लागतात तेवढी मतं) वरची मतं पुढच्या पसंतीला जातात. जून २०२२ ला राज्यसभेच्या सहाव्या जागेवर भाजपचे धनंजय महाडिक पहिल्या पसंतीत शिवसेनेच्या संजय पवारांच्या मागे होते, तरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. राज्यसभेला आमदाराने मत पक्षाच्या एजंटला दाखवायचं असतं, विधान परिषदेला मतदान गुप्त, म्हणून मतं फुटण्याच्या बातम्या तिथे जास्त. सगळीकडे ही पद्धत आणावी का यावर मतं वेगवेगळी आहेत. मला स्वतःला महापालिकांपासून सुरुवात करून बघावीशी वाटते, कारण तिथे प्रभाग आधीच चार जागांचे आहेत.

१८. मी परदेशात असतो, मत देता येतं का?

भारतीय पासपोर्ट असेल आणि तिकडचं नागरिकत्व घेतलं नसेल तर फॉर्म ६ए भरून गावच्या यादीत नाव घालता येतं. मत द्यायला मात्र स्वतः केंद्रावर यावं लागतं.

१९. माझ्या गावात कोणाला किती मतं पडली ते कुठे कळेल?

फॉर्म २० मध्ये. प्रत्येक मतदारसंघाचा केंद्रनिहाय निकाल त्यात असतो आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळतो. आपल्या केंद्राचा क्रमांक मतदार चिठ्ठीवर असतो, तो घ्या आणि लोकसभा आणि विधानसभा दोन्हीचे फॉर्म शेजारी उघडा. लोकसभेचा फॉर्म २० विधानसभा क्षेत्रानुसार वेगळा असतो, आपलं क्षेत्र शोधा. केंद्र क्रमांक मधल्या काळात बदललेला असू शकतो, त्यामुळे शाळेचं नाव आणि खोली क्रमांकही जुळवून बघा.